सात खुंट्या

विरातमाजा: वाच.

कामसिया: मला वाचता येत नाही, पाक लुरा. तुम्हाला ठाऊक आहे.

विरातमाजा: मग नुसती बघ. सागवानाची पाटी आहे. जेपाराहून कारागीर आणवला, तीन आठवडे घरी ठेवून घेतला, रोज कोंबडी खाऊ घातली मेल्याला. बघ तरी काय कोरलंय.

कामसिया: छान आहे. कडेनं वेल छान काढलीय.

विरातमाजा: वेल गेली खड्ड्यात. मधे सात ओळी आहेत. तुझ्या आहेत.

तारमुजी: अरे, पाकदे काका! मालक गोठ्यात आणि बैल मांडवात, असा आहे होय आजचा सोहळा? आई, स्टूल दे ना त्यांना. जपून हं पाकदे, तिथं राक्षसाचे दात वाळत घातलेत. चौसष्टावं वर्ष पुरं झालं त्याच दिवशी बुडाला चावा बसायचा.

विरातमाजा: तारमुजी, दार लाव.

तारमुजी: उकडतंय हो. इथं अकरा जणांचे पोशाख, दोन पेटारे, एक आई आणि बैलाचा वास. दार लावलं तर आजच्या नाटकातली राणी न्याई सेदाह, म्हणजे आई, रंगासकट वितळेल.

विरातमाजा: दार लाव म्हटलं ना? दात काढू नकोस.

तारमुजी: लावलं. आणि हा कोयता कशाला? केळीचे घड कापायला माणसं कमी पडली का?

विरातमाजा: माणसं फाटकापाशीच ठेवलीत. त्यांना आत आणलं असतं तर त्यांनी पाटी वाचली असती. तुला वाचता येतं ना? मीच घातलं होतं तुला शाळेत. वाच मोठ्यानं.

तारमुजी: जुनी जावी अक्षरं आहेत ही. माझी गाडी जरा अडखळत जाते.

विरातमाजा: अडखळत वाच.

तारमुजी: बरं. आईसारखा सूर लागणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.
लुगडी वाळत राहिली दोरीवर,
रावे उडाले बांबूबनातून,
विळे पाजळले कुणी दगडावर,
रानवाट झाली ओली.
तळाशी नदी मुकी,
माणसं उभी रांगेनं,
जागा राहा, बाळा, ऐक.
झालं. आईचा दुर्मा. तुमचा आवडता. आमंत्रणावरसुद्धा सोनेरी शाईत छापलाय की तुम्ही.

विरातमाजा: चारशे आमंत्रणं. जिल्हाधिकाऱ्यांना, छावणीतल्या कर्नलना, क्लातेनच्या सगळ्या शाळामास्तरांना. आता नुसती पहिली अक्षरं वाच. वरून खाली.

तारमुजी: कशाला उगाच—

विरातमाजा: वाच.

तारमुजी: लु. रा. वि. रा. त. मा. जा.

विरातमाजा: काय झालं?

तारमुजी: तुमचं नाव झालं, पाकदे. ‘लुरा’ या मुखियाच्या हुद्द्यासकट. वा! आई, बघ की, योगायोग म्हणतात तो असा असतो. मागे एका भोपळ्यावर आमच्या पोलीस हवालदाराचं तोंड उगवलं होतं, अगदी मिशांसकट.

विरातमाजा: मलाही आधी तसंच वाटलं, बरं का कामसिया. कारागीर पाटी टांगून खाली उतरला आणि म्हणाला, ‘साहेब, कोरणारा मी, पण कारागिरी कवीची. आपलं नाव काय बेमालूम बसवलंय.’ माझी छाती इतकी फुगली. त्याला म्हटलं, अरे, कलावंत लोक मला मानतात, मीच त्यांना जगवलंय. पाठ थोपटली त्याची. पाहुण्यांना काय म्हणून सांगायचं तेही मनात जुळवलं. मग तो गेला, मी चष्मा लावला आणि ओळी वाचल्या. विळे कुणी पाजळले, रानवाट कशानं ओली झाली, माणसं कुठं उभी होती. आणि बाजूला उभं माझं नाव, यादीवर शिक्का मारावा तसं. पाटी उतरवून थेट इथं आलो.

कामसिया: हं.

विरातमाजा: हं? एवढंच?

कामसिया: तुम्ही पंचवीस वर्षं पहिल्या रांगेत बसून ऐकताय, पाक लुरा. दर वेळी म्हणता, पुन्हा घे. मला वाटलं, कधीतरी कळेल. मग वाटलं, नाहीच कळत. ऐकणाऱ्याचा कान असतो, त्याला मी काय करू.

तारमुजी: आई, गप. पाकदे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. सकाळपासून पोटात काही नाही, त्यात तोंडाला चुना लावलाय, डोकं फिरलंय तिचं.

विरातमाजा: कुणी रचलं ते सांग. नाव सांग, मी जातो. तुम्हा मायलेकरांना हात लावणार नाही.

कामसिया: मी रचलं.

विरातमाजा: तू? ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, जी मतदानाला अंगठा उठवते, तिनं सात ओळींच्या तोंडाशी सात अक्षरं बसवली? मला शेंड्या लावू नकोस. गावातला तो वारलेला शाळामास्तर असेल. की तुमच्या मंडळीतला ढोलकीवाला म्हातारा?

कामसिया: अक्षर हाताला येत नाही म्हणजे कानालाही येत नाही असं नाही. तुमच्याच परसात रचलं. तीन वर्षं भात कांडलं मी तुमच्याकडे. उखळात मुसळ पडलं की एक अक्षर. लु. मग दुसरा घाव, रा. तुमची आई ओट्यावरून म्हणायची, किती मन लावून कांडते ही बाई.

विरातमाजा: खाल्ल्या घरचे वासे मोजत होतीस तर. माझ्या आईनं तुला भात दिला, या पोराला दूध दिलं. याचे कागद कुणी स्वच्छ केले? बापाच्या नावापुढे लाल शेरा असलेल्या पोराला या देशात रस्ता झाडायचीसुद्धा नोकरी मिळत नाही. मी सही केली म्हणून हा आज रंगमंचावर माकडचेष्टा करतोय.

तारमुजी: खरं आहे, पाकदे. त्या सहीचा मी ऋणी आहे. आई, तूही म्हण.

कामसिया: ऋणी आहोत.

विरातमाजा: आता ऐका. आज तो दुर्मा होणार, कारण सगळ्यांच्या हातात छापील आमंत्रण आहे. पण शब्द बदलायचे. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द, फक्त सात शब्द. लुगड्याच्या जागी दुसरं काही वाळत घाल. पाटी मी चुलीत घालतो, वाळवी लागली म्हणून सांगतो.

तारमुजी: एवढंच ना? हे मी आत्ता करतो. ‘धोतरं वाळत राहिली दोरीवर, कावळे उडाले बांबूबनातून, सुऱ्या पाजळल्या कुणी...’ हे बघा, सूर कुठे बिघडला? नाव गेलं वाऱ्यावर. आई, तू धोतरं म्हण. तुझं काय जातंय?

कामसिया: मी लुगडी म्हणणार.

तारमुजी: आई.

कामसिया: लुगडी वाळत होती त्या दिवशी. धोतर नव्हतं एकही. तू पाठीवर होतास माझ्या, दीड वर्षाचा.

विरातमाजा: सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो हा. कामसिया, मी रागावलेलो नाही. मला एवढंच सांग, माझ्याशी वैर काय तुझं? तो काळच तसा होता. वरून याद्या यायच्या. मी नसतो गेलो तर माझं नाव यादीत आलं असतं. तुझा नवरा लाल बावट्यातला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

कामसिया: गितो ठोकळा वाजवायचा, पाक लुरा. आमच्या नाटकाला पोथी नसते. कुणी कधी यायचं, कधी बोलायचं, कधी मरायचं, सगळं त्या लाकडी ठोकळ्याच्या ठोक्यावर. तुमच्या लग्नात त्यानंच वाजवला. त्या वर्षी शेतकऱ्यांच्या संघानं बोलावलं, तिथं वाजवला. भाड्यानं ठोकळा वाजवणारा कसला लाल आणि कसला पिवळा?

विरातमाजा: तेव्हा एवढं बघायला वेळ नव्हता.

कामसिया: वेळ होता. दुपारचं ऊन होतं, आत्तासारखंच. बारा माणसं तुम्ही नदीवर नेलीत. अकरा आमच्या मंडळीतली आणि एक तो पाणक्या, जो नुसता बघायला आला होता. हात मागे बांधले. गितोचे नाही बांधले.

तारमुजी: आई, पुरे.

कामसिया: गितोच्या हातात ठोकळा दिलात. म्हणालात, ‘तू सूत्रधार ना? मग चालव प्रयोग.’ एक ठोका, एक मान. पहिल्याला तुम्ही स्वतः हाणलंत आणि मान नीट तुटली नाही, तर हसलात, म्हणालात, ‘पुन्हा घे.’ गितोला तोच ठोका पुन्हा द्यायला लावलात. अकरा माणसं त्यानं वाजवून पाठवली. शेवटचा स्वतःचा ठोकाही त्यालाच मारायला लावलात.

विरातमाजा: तू कुठे होतीस?

कामसिया: बांबूत. तारमुजीच्या तोंडात पदर कोंबून बसले होते. तो मेला असता गुदमरून, तरी मी काढला नसता.

विरातमाजा: आणि हे सगळं तू अठ्ठावीस वर्षं पोटात ठेवून माझ्या अंगणात नाचलीस.

कामसिया: नाचले नाही, गायले.

विरातमाजा: तुला आत्ता इथं चिरली तर कोण विचारेल? शेऱ्याची बाई. बैलानं मारलं म्हणून सांगेन.

तारमुजी: पाकदे, कोयता खाली ठेवा. लांब ठेवा. आपण बसून बोलू. आई म्हातारी आहे, ती आज गाणारच नाही. घसा बसला म्हणून सांगतो, मी मधेच दोन विनोद घालतो आणि प्रसंग पुढे सरकवतो. आमचं नाटक आहे, पोथी नाही, काहीही चालतं.

विरातमाजा: बाजूला हो.

तारमुजी: होत नाही.

विरातमाजा: तुझ्या आईची जीभ आज छाटतो मी. मग कसली लुगडी वाळत घालते ते बघू.

(तारमुजी आईपुढे उभा राहतो. विरातमाजा कोयत्याची बोथट बाजू त्याच्या खांद्यावर घालतो. हाड मोडल्याचा आवाज. रंगाची पेटी कलंडते. दुसरा घाव घालायला हात उचलतो, तेव्हा तारमुजी डाव्या हातानं त्याचं मनगट पकडून त्याला पेटाऱ्यावर पाडतो. कोयता आता तारमुजीच्या हातात आहे.)

कामसिया: तारमुजी.

तारमुजी: हलू नका, पाकदे. माझा उजवा हात गेलाय. डाव्यानं मला नेम येत नाही, उगाच अर्धवट कापले जाल. मग ‘पुन्हा घे’ म्हणावं लागेल.

विरातमाजा: माझी माणसं फाटकावर आहेत.

तारमुजी: तिथंच आहेत. तुम्हीच ठेवलीत.

कामसिया: बाळा, खांदा बघू दे.

तारमुजी: नंतर. मान वर करा, पाकदे. अशी. तुमच्या मानेवर पावडर लावलीय का? वाढदिवसाची? छान वास येतोय.

कामसिया: ठेव तो कोयता.

तारमुजी: का? आत्ता तूच सांगितलंस ना सगळं? आता ऐकल्यावर मी काय करू, टाळ्या वाजवू?

कामसिया: तुला हे कळू नये म्हणूनच अठ्ठावीस वर्षं गप्प बसले. तुला कळलं तर तू हेच करशील, आणि मग तुलाही नदीवर नेतील. माझं घर एकदा रिकामं झालंय. माझ्यात दुसऱ्यांदा ताकद नाही रे.

तारमुजी: आई, मला ठाऊक आहे.

कामसिया: काय ठाऊक आहे?

तारमुजी: कुणी मारलं ते. सातव्या वर्षापासून. इयत्ता दुसरीत जावी बाराखडी शिकलो आणि घरी येऊन तुझा दुर्मा पाटीवर लिहिला, तुला दाखवायला. लिहिला, वाचला, थुंकीनं पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी पाकदे शाळेत खाऊ घेऊन आले. मी त्यांच्या पाया पडलो आणि एक विनोद सांगितला. त्या दिवसापासून विनोदच सांगतोय.

कामसिया: मला का नाही बोललास?

तारमुजी: तू मला का नाही बोललीस?

विरातमाजा: तारमुजी. पोरा. मी तुला मुलासारखा—

तारमुजी: गप्प बसा हो, पाकदे. मी जरा आईशी बोलतोय. आई, एकच घाव. बारा माणसांचा हिशेब एका मानेत होत नाही, पण सुरुवात तरी होईल.

कामसिया: मारू नकोस. मेला तर मी कुणापुढे गाऊ?

तारमुजी: काय?

कामसिया: अरे, मेलेल्याला काय ऐकू येतं? मला हा जिवंत पाहिजे. पहिल्या रांगेत, खुर्चीत, पाय पसरून बसलेला पाहिजे. मी याच्या तोंडावर याचं नाव घेते आणि हा मान डोलावतो. त्यासाठी मी जगले रे. तू त्याला मारलास तर तो सुटला. उद्या सरकार त्याचा पुतळा उभारेल, हुतात्मा म्हणून. आणि तुला टांगतील.

तारमुजी: मग काय करू? सोडून देऊ?

कामसिया: उठवून बसव. पाणी दे. धाप लागलीय त्याला.

तारमुजी: घ्या पाणी. कोयता माझ्याकडेच राहील.

विरातमाजा: तुम्ही... तुम्ही दोघं वेडे आहात. मी आत्ता बाहेर जाऊन प्रयोग बंद करतो. परवाना माझ्या खिशात आहे.

कामसिया: करा बंद. जिल्हाधिकारी विचारतील, का हो, तुमचंच आवडतं नाटक ना? काय सांगाल? बंद करायचं तर कारण द्यावं लागेल. कारण द्यायचं तर ओळी वाचून दाखवाव्या लागतील. चारशे माणसांच्या हातात त्या ओळी छापून तुम्हीच दिल्यात.

विरातमाजा: तुला उद्या उचलायला लावतो.

कामसिया: उचला. तीन पोरींना शिकवलाय मी तो दुर्मा, त्या तीन गावांत दिल्यात. त्यांच्या पोरी झोपाळ्यावर म्हणतात.

विरातमाजा: झोपाळ्यावर?

कामसिया: मला माझ्या गुरूनं काय शिकवलं होतं सांगू? म्हातारा होता, दात नव्हता एकही. म्हणायचा, दुर्मा हा रागाचा छंद. त्याच्या सात ओळी म्हणजे भिंतीतल्या सात खुंट्या. ज्याला राजा शिक्षा करत नाही त्याला तिथं टांगायचं. गोऱ्यांविरुद्ध बंड झालं, न्याई सेदाहच्या नवऱ्याला याच नदीवर पकडून दिलं, ते कुणी? पुस्तकात आहे? नाही. सरकारी कागदात त्या माणसाला जमीन मिळाल्याचं आहे. पण जुन्या दुर्म्यात सात अक्षरं होती. दे, मां, ग, सा, रा, वि, ता. देमांग साराविता. दीडशे वर्षांवर तो तिथं लोंबकळत होता. मी त्याला उतरवला आणि तुम्हाला टांगलं. जुन्याला तेवढाच विसावा.

विरातमाजा: साराविता? कोण साराविता? त्यांचं घर कुठं आहे?

कामसिया: बुडालं. जमीन गेली, घराणं गेलं, थडगं पुरात गेलं. तेवढं नाव राहिलं, आमच्यामुळे.

विरातमाजा: मी पूल बांधला या गावाला. शाळा बांधली. पुलावर माझं नाव आहे, सिमेंटमध्ये.

कामसिया: हो. चांगला पूल आहे. बाजाराला जायला सोपा पडतो.

तारमुजी: पाकदे, ऐकताय? बाहेर घंटा वाजली. पाहुणे बसले वाटतं.

विरातमाजा: किती जणांना ठाऊक आहे?

कामसिया: काय?

विरातमाजा: हे. नाव. तू, हा, त्या तीन पोरी. आणखी किती जणांना?

कामसिया: मी गाताना लोकांकडे कधी बघितलंत का तुम्ही? तुमची पाठ असते त्यांच्याकडे. पहिली ओळ आली की बायका पानं चघळायच्या थांबतात. एकेका ओळीला एकेक बोट मिटतं, सगळ्यांचं. सातवं मिटलं की पुढे बघतात, तुमच्या टाळूकडे.

विरातमाजा: ते ताल धरतात. मीसुद्धा धरतो. मीसुद्धा बोटं मिटतो.

कामसिया: हो. तुम्ही मिटायला लागलात तेव्हा पहिल्या वर्षी एक बाई हसता हसता बाहेर गेली आणि विहिरीपाशी बसून रडली.

विरातमाजा: किती जणांना?

कामसिया: पाच गावं आहेत, पाक लुरा. मोजा तुम्हीच. मला विचाराल तर ठाऊक नसलेला माणूस एकच होता.

विरातमाजा: माझी बायको?

कामसिया: त्यांनी मला एकदा भात वाढता वाढता विचारलं होतं, चौथ्या ओळीत रानवाट का, नुसती वाट का नाही? मी म्हटलं, रा पाहिजे होता. त्या म्हणाल्या, बरोबर. आणि आणखी एक डाव भात वाढला.

विरातमाजा: हेस्ती? माझी नात? ती लहान आहे. योग्याकार्तात शिकते. तिला यातलं काय कळतंय? तिनं मला हौसेनं ओळी लिहून दिल्या. पाटीवर रंग दिला. आज्जोबा, पहिली अक्षरं तांबडी करते, उठून दिसतील म्हणाली.

तारमुजी: दिसली ना उठून?

कामसिया: तारमुजी, बस झालं. तिला नको यात ओढू.

विरातमाजा: तिनं माझ्या गळ्यात हात टाकून सांगितलं. उठून दिसतील, आज्जोबा.

तारमुजी: पाकदे, रडू नका. चारशे लोक बसलेत. नाक लाल झालं तर लोक म्हणतील विदूषक पुढच्या रांगेत कसा.

विरातमाजा: मी जात नाही बाहेर. पोटात कळ आली म्हणून सांग. छातीत दुखतंय म्हणून सांग.

कामसिया: तारमुजी, तू हात गळ्यात बांधून घे. आज विदूषक लुळा आहे म्हणून सांग लोकांना, त्यावरच चार विनोद कर. हाडवैद्याकडे नंतर जाऊ. दुखतंय फार?

तारमुजी: दुखतंय. चालेल. पण मी ऐकणार आहे, आई. आज पहिल्यांदा चोरून नाही.

कामसिया: ऐक. कोयता गवताखाली टाक आणि ठोकळ्यावर जाऊन बस. आज ठोका तूच दे.

तारमुजी: डाव्या हातानं?

कामसिया: डाव्या हातानं दे. दुर्म्याच्या आधी एक, बास. बापाचा होता तसा. दार उघडं ठेव जाताना.

विरातमाजा: कामसिया. मी गेलो तर ते सगळे माझ्याकडे बघतील.

कामसिया: दर वर्षीच बघतात.

विरातमाजा: पण आता मला कळतंय.

कामसिया: हो. आता कळतंय. ऊठ. टोपी नीट कर. उपरण्याला रंग लागलाय, दुमडून घे, दिसणार नाही.

विरातमाजा: तू मला ‘ऊठ’ म्हणालीस.

कामसिया: म्हणाले.

विरातमाजा: साठ वर्षांत मला माझ्या आईशिवाय कुणी असं म्हटलं नाही.

कामसिया: चल, ऊठ. लोक खोळंबलेत.